हाक एकदाच मारायची

धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा असेल तर धरायचा कशाला? हा प्रश्न मला मराठी पाहुण्यांनी जितक्या वेळा विचारला तितक्या वेळा इतर कुणीच विचारला नाही. मेलबर्नच्या टार्निट उपनगरातलं एक कुटुंब तर बोटीत गाडी घालून टास्मानियाला आलं होतं. विमानानं का नाही आलात, असं विचारल्यावर गृहस्थांनी डिकी उघडून दाखवली. आत बिडाचा तवा, आगळाची बाटली आणि घरच्या मसाल्याचा डबा. आमच्या ओढ्यावर धरलेला प्रत्येक ट्राउट सोडून द्यावा लागतो, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी जणू वाढलेलं ताट त्यांच्यासमोरून उचलून नेलं होतं.

त्यात मी पडले शाकाहारी. पुण्याची मुलगी, जन्मात मासा तोंडात घातला नाही, आणि अर्धं आयुष्य लोकांना मासे धरायला शिकवण्यात घालवलं. व्हिसाच्या अटीपायी आम्ही मेलबर्न सोडून इथे आलो. नवऱ्याला लॉन्सेस्टनला नोकरी होती, मला काहीच नव्हतं. पुण्यात मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम केलेलं, म्हणून शेजारच्या केनच्या शेतातून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी मी हौसेनं बाटल्यांत भरून आणायला लागले. केन मेंढ्या पाळतो आणि फारसं बोलत नाही. एक दिवस तो म्हणाला, बाटलीत भरून काय कळणार, त्यात उभी राहा. उभी राहिले ती राहिलेच. आता गुडघे कुरकुरतात म्हणून गाइडचं काम बंद केलंय. ओढ्यावर जाणं मात्र सुटलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातलं एवढंच कळलं तरी पुरे. साधा ओढा पावसाच्या जिवावर जगतो. पाऊस पडला की फुगून गढूळ होतो, उन्हाळ्यात आटतो. चुनखडीच्या डोंगरातून निघणाऱ्या झऱ्याचं तसं नसतं. डोंगरावर पडलेलं पाणी भेगांमधून आत उतरतं, अंधारात कुठे कुठे फिरतं आणि पायथ्याशी एका गुहेच्या तोंडातून बाहेर येतं. बारा महिने सारखंच गार आणि सारखंच नितळ. तळाशी लांब पाणवनस्पती एकाच दिशेला विंचरल्यासारख्या पसरलेल्या असतात, त्यांत किडे, आणि किड्यांसाठी ट्राउट. मासा प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा राहतो, जेवण वाहत त्याच्याकडे येतं. तो तुम्हाला अगदी स्पष्ट दिसतो, पण तुम्हीही त्याला तितकेच दिसता. म्हणून त्याच्या पाठीमागून, वाकून जायचं आणि पाय आपटायचे नाहीत. काठावरचं पाऊल त्याला अंगानं कळतं. गळाला अळी नसते, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. ती पाण्यावर अशी पडली पाहिजे की पडल्याचं पाण्यालाही कळू नये.

हे सगळ्यांना जमतं असं नाही. सिडनीच्या क्वेकर्स हिलहून एक डेंटिस्ट बाई आल्या होत्या, त्यांना मात्र पहिल्याच दिवशी जमलं. गळ काढण्यासाठी मासा हातात दिला तर त्या सवयीनं त्याला "आ करा" म्हणाल्या, आणि गळ इतक्या हलक्या हातानं काढला की मी बघत राहिले. सोडल्यावर मासा थोडा वेळ त्यांच्या बोटांजवळच रेंगाळला. इथपर्यंत हा धंदा फार गोड आहे.

दुसरी बाजू मी पाहुण्यांना पहिल्या दिवशी सांगत नसे. त्या शेताखालची जमीन पोकळ आहे. पाणी वर्षानुवर्षं चुनखडी विरघळवत असतं, आणि कधीतरी वरची माती खाली बसते. इथे त्याला सिंकहोल म्हणतात. जुन्या खड्ड्यांना केननं कुंपणं घातली आहेत, पण नवे सांगून येत नाहीत. एका सकाळी तो उठला तर कुंपणाचे खांब नाहीसे झाले होते आणि तार हवेत लोंबत होती. मेंढ्या तर कितीदा गेल्या. वारा पडला की त्या गवतावर उभं असताना पायांखालून पाणी वाहिल्याचा आवाज येतो. दिवसाउजेडीसुद्धा तो आवाज ऐकून माझ्या मानेवर काटा यायचा आणि अजूनही येतो.

आवाजाचा तिथे भरवसा नाही. एकदा मी गुहेच्या तोंडाशी बसून नवऱ्याशी फोनवर भाजीबद्दल बोलत होते, तर पार पलीकडच्या पॅडकमध्ये, मेंढ्यांच्या कुरणात, उभ्या असलेल्या केनला माझा आवाज एका खड्ड्यातून वर येताना ऐकू आला. मराठी कळत नसल्यामुळे त्याला वाटलं, मी मंत्र म्हणतेय. कितीतरी दिवस तो माझ्याशी जरा जपूनच वागत होता.

म्हणूनच तिथे कुणी चुकलं तर शोधायची एक रीत आहे. गावातल्या शोधपथकातल्या लोकांनी ती मला शिकवली. हाक एकदाच मारायची. मग तोंड मिटायचं, हालायचं नाही, श्वाससुद्धा हळू घ्यायचा आणि ऐकायचं. बऱ्याच वेळानं पुढे सरकायचं आणि पुन्हा एकदाच. लागोपाठ हाका मारल्या तर आपलेच आवाज जमिनीतून परत येतात आणि हरवलेल्या माणसाचा क्षीण आवाज त्यात बुडून जातो. मी ही रीत कायम पाळली. तिच्याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नव्हती.

निनाद टार्निटला राहायचा, आयटीत होता. त्यानं फोन केला तेव्हा सरळच सांगितलं, "ताई, माझे वडील आलेत इंडियातून. पुढच्या वीकला परत चाललेत. त्यांना घेऊन कुठेच जाता आलं नाही, सो आय थॉट, फिशिंग. ते गावी खाडीत गळ टाकायचे."

एप्रिल महिना होता, म्हणजे इथे थंडीची चाहूल, घड्याळं नुकतीच तासभर मागे घेतलेली. अशा दिवसांत चहा होईपर्यंत उजेड जातो. दोघं आले ते गाडीत पुढे-मागे बसून. निनाद गाडी चालवत कानात खुपसलेल्या इअरफोनशी बोलत होता आणि नाना मागच्या सीटवर खिडकीला टेकून बाहेर बघत होते. नाना म्हणजे त्याचे वडील, गुहागरकडचे. आयुष्यभर एसटीच्या डेपोत इंजिनं खोलली. बारीक अंगाचे, डोक्यावर लोकरीची टोपी, अंगात मुलाचं ढगळ जॅकेट. मला पहिल्यापासून ते गाइडबाई म्हणायला लागले.

मी खोटी माशी त्यांच्या तळहातावर ठेवली तेव्हा ते हसले. म्हणाले, पिसाला फसणारा मासा आमच्या खाडीत असता तर कोंबडीनंच धरला असता. पण हात फार शहाणा होता. गळाची काठी कशी, दोर कसा, हे एकदा दाखवल्यावर पुन्हा सांगावं लागलं नाही. दुपारी त्यांनी एक चांगला ट्राउट धरला. सोडायचा म्हटल्यावर तवा शोधला नाही की वाद घातला नाही. मासा पाण्यात धरून त्याला दम खाऊ दिला, आणि गेल्यावर ओल्या हातानं नमस्कार केला. हे सगळं निनादनं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तो टेकडीवर होता. त्याच्या मोबाइलच्या कंपनीची रेंज शेतात तेवढ्या एका टेकडीवर येते, आणि त्याचा कॉल संपतच नव्हता.

"असंच असतं," नाना म्हणाले. "चार महिने झाले. एका घरात राहतो आम्ही. काही हवं असलं की मेसेज पाठवतो. खालच्या खोलीतून वरच्या खोलीत. जेवायला या, असा मेसेज येतो."

तक्रार म्हणून नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. मी त्यांना काळा मासा दाखवायला नेलं.

ट्राउट भोवतालचं जे बघतो त्याप्रमाणे त्याच्या अंगाचा रंग बदलतो. वाळूवर फिकट, गवतात गडद. जो आंधळा होतो त्याला काहीच दिसत नाही, म्हणून त्याचं अंग काळं पडत जातं. गुहेच्या तोंडाशी, जिथे पाणी अंधारातून उजेडात येतं, तिथे असा एक होता. मोठा, जुना, कोळशासारखा. दोन्ही डोळे पांढरे. कधी उजेडात यायचा, कधी आत दिसेनासा व्हायचा. मी त्याच्यावर कुणालाही गळ टाकू दिला नाही. खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटायची.

नाना उकिडवे बसून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "दिसत नाही तर खातो काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की जे अगदी जवळून जातं ते त्याला अंगानं कळतं.

"म्हणजे कुणीतरी जवळून जायला हवं," नाना म्हणाले.

तेवढ्यात निनाद कॉल संपवून खाली आला. परतीची वाट लांबची होती आणि नाना दमले होते, म्हणून मी दोघांना तिथेच थांबवलं आणि युट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली माझी गाडी, आणायला निघाले. या जागेवरून हलू नका, गवतात जाऊ नका, असं दोघांनाही बजावलं. निनादनं मान डोलावली. ऊन अजून होतं. पाण्यावरून धुकं मात्र उठायला लागलं होतं.

मी गेटांना वळसा घालून युट घेऊन आले तोवर धुक्यानं शेत झाकून टाकलं होतं. निनाद टेकडीवरून उतरत होता. मी गेल्यावर त्याला पुन्हा कॉल आला होता. नाना खालीच आहेत, असं तो म्हणाला. खाली नानांची गळाची काठी खडकाला नीट टेकवून ठेवलेली होती आणि नाना नव्हते.

पहिल्यांदा मी पाण्यात बघितलं. पाणी नितळ होतं आणि तळापर्यंत रिकामं होतं. काळा मासासुद्धा नव्हता. निनादनं ओरडायला तोंड उघडलं तसा मी त्याचा हात घट्ट धरला आणि त्याला रीत सांगितली. मग पथकाला फोन केला. ते गावातून निघतील, पण धुक्यात यायला वेळ लागेल, म्हणाले. केनला बोलावलं. तो मॅगी नावाची आपली कुत्री आणि दोरखंड घेऊन आला. चुनखडीतलं पाणी म्हणजे बर्फच. ऐंशीच्या घरातला माणूस त्यात पडला तर पथकाची वाट बघण्यात अर्थ नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

आम्ही एकामागून एक, काठीनं जमीन ठोकत निघालो. मी एकदा हाक मारली. थांबलो. पायांखाली पाणी वाहत होतं, बाकी काही नाही. पुढे सरकलो. मग मी निनादला सांगितलं, आता तू मार, तुझा आवाज ते ओळखतील. एकदाच, पण जीव ओतून.

त्यानं मारली. "नाना!"

मी धंद्यात खूप हाका ऐकल्या. ही वेगळी होती. त्या पोराच्या छातीत कुठेतरी चार महिने, कदाचित त्याहून जास्त, अडकून राहिलेलं सगळं त्या एका शब्दात बाहेर पडलं. हाक धुक्यात गेली. आणि मग जी शांतता आली तिच्याबद्दल मी कुणाशी फारशी बोललेले नाही. रिकामी शांतता मला ठाऊक आहे. ही तशी नव्हती. कुणीतरी आपलं ऐकतंय आणि मुद्दाम श्वास रोखून बसलंय, असं वाटत होतं. केनलाही तसंच वाटलं असणार, कारण त्यानं टोपी काढून हातात घेतली.

एका जुन्या कुंपणाजवळ नेच्यांची दाट गर्दी होती. तिथे मॅगी थबकली. पाठीवरचे केस उभे, शेपूट पायांत, घशातून बारीक आवाज. केन म्हणाला, ती या खड्ड्यांना नेहमीच घाबरते, आणि तिला पुढे ओढलं. निनादनं तिथेही एक हाक मारली. काहीच उत्तर नाही. आम्ही पुढे गेलो.

उजेड संपत आला होता. तिन्हीसांजेची ती वेळ, घरी असते तर मी देवापाशी दिवा लावला असता. दिव्यावरून मला सासूबाई आठवल्या. त्याही गुहागरकडच्याच. आमच्याकडे राहायला आल्या की संध्याकाळी नवरा दारातून आई म्हणून हाक मारायचा आणि त्या आत बसून असूनही हूं की चूं करायच्या नाहीत. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरीला मात्र चटकन ओ द्यायच्या. मी एकदा चिडून विचारलं तेव्हा म्हणाल्या, तिन्हीसांजेला एका हाकेला ओ देऊ नये. ते जे असतं ते ओळखीच्याच आवाजात हाक मारतं, पण एकदाच. लागोपाठ तीनदा त्याला मारता येत नाही. मी तेव्हा पुणेरी हसले होते.

धुक्यात मी जागच्या जागी थांबले. आम्ही एका कोकणातल्या म्हाताऱ्याला, नेमक्या तिन्हीसांजेला, पुन्हा पुन्हा एकेकच हाक मारत होतो. आणि मध्ये ती शांतता.

मी निनादला म्हटलं, लागोपाठ तीनदा मार. त्याला काही कळलं नाही, तो का म्हणून विचारायला लागला. मग मीच शोधपथकानं शिकवलेलं सगळं बाजूला ठेवून जुन्या कुंपणाकडे तोंड केलं.

"नाना, नाना, नाना! मी गाइडबाई. माणूस आहे मी!"

पायांखालून, जमिनीच्या आतून आवाज आला, "ओ."

इतक्या जवळून आला की निनाद दचकून मागे सरकला. आम्ही मागे फिरलो, तर जिथे मॅगी थबकली होती तिथेच, नेच्यांच्या आड जमीन नव्यानं खचली होती. टॉर्च मारल्यावर खाली, हात पोचणार नाही इतक्या खोल, एका खडकाच्या कपारीवर नाना बसलेले दिसले. एका हातात नेच्याचं मूळ. दुसरा हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरलेला. त्यांच्या पायांखाली काळं पाणी सरसर वाहत होतं. आम्ही त्यांच्या डोक्यावर उभे राहून हाका मारत होतो आणि ते तोंडावर हात दाबून बसले होते.

निनाद त्या कडेवर पालथा पडला. मी त्याचे पाय धरले, केननं युट जवळ आणली आणि दोरखंड तिला बांधला. वर येताना एकदा माती सुटली आणि नाना पुन्हा खाली गेले, तेव्हा निनादनं त्यांच्या जॅकेटची कॉलर दोन्ही हातांनी पकडली. वर आल्यावरसुद्धा ती सोडायला तो तयार नव्हता. पथकाची माणसं पोचली, त्यांनी तपासलं. खरचटलं होतं आणि अंग गार पडलं होतं, बाकी ठीक. हॉस्पिटलात यायला नानांनी साफ नकार दिला.

केनच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून नाना चहा पीत होते. मला वाटलं होतं, आता सगळे हसतील.

"नाना," निनाद म्हणाला, "माझी हाक ऐकू येत नव्हती का तुम्हाला?"

"येत होती."

"मग ओ का नाही दिलीत? आम्ही वरच उभे होतो. तुम्ही... यू कुड हॅव डाइड, नाना."

नानांनी कप खाली ठेवला. "पहिल्या हाकेला दिली की ओ. ऊन होतं तेव्हा. म्हटलं, उजेडात काय भ्यायचं? त्या जुन्या कुंपणाकडून आली. 'नाना' म्हणून. तू शाळेतून यायचास ना, अंगणातूनच हाक मारत यायचास, तश्शी. केवढं बरं वाटलं मला. काठी ठेवली आणि गेलो बघ तिकडे. पाय ठेवला तर जमीनच नाही. खूप ओरडलो आधी. माझाच आवाज खालून परत यायला लागला, म्हणून गप बसलो."

"मी नाही मारली हाक," निनाद म्हणाला. "ऊन होतं तेव्हा मी टेकडीवर होतो. कॉलवर."

"ते कळलं मला नंतर. म्हणून तर दुसऱ्यांदा फसलो नाही. आवाज तुझाच होता रे, पण इतक्या मायेनं तू मला कशाला हाक मारशील? म्हटलं, हा आपला निनाद नव्हे."

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर निनादला सोसलं असतं. ते समजूत घातल्यासारखे बोलले. निनादनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि तो मोठ्यानं रडला. केन मॅगीला घेऊन बाहेर गेला. मी चहाचं आधण पुन्हा ठेवलं, कारण मलाही हातांना काहीतरी काम हवं होतं.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं आहे. टेकडीवरचं बोलणं भेगांमधून उतरून त्या खड्ड्यातून वर आलं असेल, माझं भाजीचं बोलणं आलं होतं तसं. पण निनादचा तो कॉल सगळा इंग्रजीत होता, आणि त्यात नाना हा शब्द येण्याचं काही कारण नव्हतं. लॅबमध्ये काम केलेल्या बाईनं इथे काय लिहावं? मला माहीत नाही, एवढंच लिहिते.

नाना ठरल्याप्रमाणे गावी परतले. निनाद त्यानंतर रोज त्यांना फोन करायचा. फोन लागला की आधी नाना, नाना, नाना असं म्हणायचा, पलीकडून ओ आल्यावर मगच बोलणं सुरू. बायको-मुलं हसायची, असं त्यानंच मला सांगितलं. माझ्या कामात मीही बदल केला. पाहुणा भारतीय असो की दुसरा कुणी, मी हाक तीनदा मारायला लागले. पथकातले लोक डोळे वटारायचे, पण मी बधले नाही.

या वर्षी ऑगस्टमध्ये, मासेमारीचा हंगाम उघडता उघडता, निनादचा फोन आला. नाना गेले होते, झोपेतच. तो गावी जाऊन सगळं उरकून आला होता आणि त्याला ओढ्यावर यायचं होतं, मासे धरायला नाही. मी त्याला नेलं. दिवस ढगाळ होता, धुकं नव्हतं. गुहेच्या तोंडाशी काळा मासा हल्ली दिसत नाही. केननं त्या खड्ड्याला मजबूत कुंपण घातलंय, नेची पुन्हा दाटली आहेत.

निनाद कुंपणाला धरून उभा राहिला. मग त्यानं हाक मारली. "नाना." एकदाच.

त्यानं एकच का मारली ते मला समजलं. तीन हाका जिवंत माणसासाठी होत्या. मी आयुष्यभर ऐकण्याची नोकरी केली, पण त्या वेळी मला ऐकायचं नव्हतं. उत्तर आलं असतं तर ते त्याचं होतं. मी पाठ फिरवून युटपाशी गेले, दार लावून आत बसले आणि काचा वर केल्या.

बराच वेळ तो आला नाही. उजेड उतरत होता. काचेतून पाहिलं तर तो कुंपणावरून वाकला होता, कमरेपर्यंत पलीकडे, डोकं खाली घालून. मी खाली उतरले. धावायला गुडघे साथ देईनात. मी तिथूनच जिवाच्या आकांतानं हाक मारली.

"निनाद, निनाद, निनाद!"

तो सावकाश सरळ झाला. "ओ ताई. आलो."

युटमध्ये बसल्यावर त्यानं सीटबेल्ट लावला, तोंडावरून हात फिरवला. "ताई, आधीच्या त्या एका हाकेला ओ दिली नाही म्हणून रागावू नका," तो म्हणाला. "तुम्ही निन्या म्हणालात ना, म्हणून गोंधळलो. निन्या मला फक्त नाना म्हणायचे."

मी हीटर वाढवला आणि गाडी गेटाकडे वळवली.